नदीवाली आणि घरची

मित्रांनो, मी एक जुनं प्लास्टिकचं झाकण आहे. मला हात नाहीत, तरी माझ्या हातून एक पाप घडलंय. ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

कारखान्यात मी हजारांतला एक होतो. मला किंमत आली ती फ्लोरिडात, ओडेल स्ट्रिकलंड यांच्या शेडमध्ये. ओडेल चाळीस वर्षं किंगस्नेक पाळत होते. बिनविषारी साप, काळाभोर, अंगावर फिकट पट्टे. गावालगत अ‍ॅपलाचिकोला नदीकाठी उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे किंगस्नेक पिढ्यान्‌पिढ्या आपोआप मिसळत आलेत. तिथली एक मादी ओडेलनी आणली, आणि माझ्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘टायलर ओढा, नदीकाठ’. शेजारच्या डब्यातली मादी मात्र त्यांनीच शेडमध्ये उत्तरेकडच्या-दक्षिणेकडच्या सापांची जोडी लावून पैदा केलेली. तिच्या झाकणावर ‘घरची’. दोघी दिसायला अगदी जुळ्या बहिणी!

“रूप बघून कूळ सांगणारा थापा मारतो,” ओडेल येणाऱ्याजाणाऱ्याला सुनवायचे. “कूळ या झाकणावर असतं.” ऐकून मी फुगून जायचो.

एका वर्षी ओडेलना हृदयाचा झटका आला. ते लेकीला, टॅमराला म्हणाले, “नदीवालीला आणली तिथेच सोडून ये. माझं काय, आज आहे, उद्या नाही.”

टॅमरा मायाळू. आधी शेड लख्ख करू म्हणून तिने डब्यांवर फळ्या ठेवल्या आणि सगळी झाकणं एका टबात धुतली. मग मला घरचीच्या डब्यावर दाबलं. वासावरून मला कळलं, ही आपली नव्हे. जरा घसरलो असतो, तरी तिने पुन्हा पाहिलं असतं. पण डबे एकाच मापाचे. मी कट्ट करून बसलो.

माझ्यावरचं नाव वाचून टॅमरा तोच डबा घेऊन ओढ्यावर जाऊन आली. उकडलेल्या शेंगा सोलत ओडेलनी उरलेली मादी हातात घेतली, उलटी केली, आणि शेंगा सांडल्या.

“अगं बये! हा व्रण माझ्या फावड्याचा. धरताना लागलं होतं. ही नदीवाली आहे! मग तू सोडलंस कुणाला?”

“सारख्याच तर दिसतात, डॅडी...”

“म्हणून तर लिहितो ना, पोरी!”

नदीवाली तिच्या घरी, ओढ्यावर गेली. घरचीला उन्हाळाभर शोधलं, ती सापडली नाही. टॅमरा रडायची. “एकाच मापाची झाकणं मीच ठेवली, चूक माझी,” ओडेल तिला समजवायचे. माझ्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

पुढच्या वर्षी रिकाम्या डब्यासोबत मीही ओढ्यावर गेलो होतो. टॅमराने एक पिल्लू धरलं.

“डॅडी, हे नदीचं की आपलं?”

या ओढ्यावर धरलेलं प्रत्येक पिल्लू नदीचंच, असं ओडेल आजवर डोळे मिटून सांगायचे. या वेळी त्यांनी पिल्लाकडे खूप वेळ पाहिलं, आणि गाडीत जाऊन बसले.

मित्रांनो, एखादा जीव सांभाळायला घेतलात, तर त्याचं नाव डब्यावर लिहा. झाकणावर लिहू नका. झाकण काय, कुठेही बसतं.