वकीलबाईंचा फळा

मित्रांनो, पाटीच्या काळ्या दगडातून माझा जन्म झाला, त्याला आता इतका काळ लोटला की तुमचे पणजोबाही तेव्हा रांगत असतील. खाणीतून काढून, घासून, लाकडी चौकटीत बसवून मला प्रथम वेदर्सबरो गावातील गोऱ्या मुलांच्या शाळेत टांगण्यात आले. तेथे माझा एक कोपरा फुटला. फुटका फळा त्या शाळेला शोभेना, म्हणून मला काळ्या मुलांच्या शाळेत पाठवले. गावाची रीतच तशी होती. पाने गळालेली पुस्तके आणि पाय मोडलेली बाके नदीच्या आमच्या, म्हणजे काळ्या वस्तीच्या, तीराला येत, तसाच मीही आलो. पुढे ती शाळा बंद पडली आणि गिलियड चर्चच्या तळघरात माझी स्थापना झाली. स्थापना हा शब्द मी जाणून वापरतो, कारण माझ्या आयुष्याला अर्थ आला तो तेथेच.

तो अर्थ ज्यांनी दिला, त्यांचे नाव ऑर्डेलिया पेटीफर्ड. त्या जिल्ह्यात वकिली करणारी काळ्या समाजातील ती पहिली स्त्री. न्यायाधीश इतर वकिलांना ‘मिस्टर’ म्हणत आणि यांना नुसते ‘ऑर्डेलिया’ म्हणून पुकारत. बाई उत्तर देत नसत. शांतपणे कागद चाळत उभ्या राहत. सारे न्यायालय खोळंबे. ‘वकीलबाई’ असा शब्द कानी पडला, की मगच त्या मान वर करीत. पुढे सारा समाज त्यांना त्याच नावाने ओळखू लागला.

रविवारची प्रार्थना आटोपली की वकीलबाई तळघरात येत आणि बाह्या सावरून खडू हाती घेत. त्या काळी काळ्या माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर कारकुनासमोर कायद्याचा उतारा वाचून, लिहून दाखवावा लागे. अर्धे आयुष्य लाँड्रीत इस्त्री करण्यात घालवलेल्या झिल्फामावशी माझ्याच अंगावर अक्षरे गिरवायला शिकल्या. हात इस्त्रीला सरावलेला. त्या खडू असा दाबीत की तो मोडलाच पाहिजे. त्यांचे नाव नोंदले गेले आणि त्याच आठवड्यात लाँड्रीचे मालक हॉबर्ट स्नीड यांनी त्यांना कामावरून काढले.

मग वकीलबाई नगरपरिषदेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. जागा पाच, आणि प्रत्येक मतदाराला पाच मते. आमच्या लोकांनी पाचही मते वापरली, तर चार गोऱ्या उमेदवारांना जाणार, आणि त्यांना गोऱ्यांची मते तर होतीच; मग बाई मागे पडणार. म्हणून बाईंनी शिकवले होते की आपल्या माणसापुढे एकच फुली मारायची आणि बाकी जागा कोऱ्या ठेवायच्या. ही युक्ती नगरपरिषदेच्या कानी गेली. मतदान तोंडावर आले असता तिने नियम केला, की पाचांहून कमी फुल्या असलेली मतपत्रिका बाद. बाईंनी तो नियम माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिला. सर्वांनी वाचला. सर्वांनी माना डोलावल्या.

बाई पडल्या. गिलियडच्या मतपत्रिकांचा ढीगच्या ढीग बाद झाला होता.

“मावशी, फुल्या किती मारल्यात?” त्यांनी विचारले.

“एकच. तुझी.”

“अहो, फळ्यावर काय लिहिलं होतं मी?”

“वाचलं की गं. पण पेन्सिल हातात आली आणि वाटलं, माझ्या पोरीच्या मतात त्या बाप्यांना वाटेकरी कशाला करू?”

वकीलबाई मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसल्या. “प्रेमानं पाडलंत मला,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू फार वेळ टिकले नाही.

त्यांनी त्या नियमाविरुद्ध खटला भरला. खटला रेंगाळला; पुढची निवडणूक मात्र त्याच्यासाठी थांबणार नव्हती. हीही हातची गेली, तर नदीच्या आमच्या तीराला पुन्हा कुणी उभे राहण्यास धजणार नाही, हे तळघरातील प्रत्येकास ठाऊक होते. बाईंनी माझ्यावर सर्व उमेदवारांची नावे लिहिली.

“पहिली फुली माझी. उरलेल्या चार कुणाला?”

“कुणालाच नाही!” मागून आवाज आला आणि हशा पिकला.

“मग मी आपली घरी बसते. तळलेली कोंबडी करते, या जेवायला सगळे.”

हशा विरला. बाईंनी सावकाश समजावले. “जे नक्की निवडून येणार, त्यांना आपल्या मतानं जास्तीचं काही मिळत नाही. जे नक्की पडणार, ते आपल्या मतानं उठत नाहीत. पाचव्या जागेसाठी भीती आहे ती मधल्या या दोघांची. त्यांना हात लावायचा नाही. बाकीची मतं वाटून टाकायची. डावीकडच्या बाकांनी ही चार नावं घ्यायची, उजवीकडच्यांनी ती चार.”

डाव्या बाकांच्या वाट्याला आलेले शेवटचे नाव हॉबर्ट स्नीड यांचे होते. झिल्फामावशी उठून उभ्या राहिल्या.

“याला? मतासाठी नाव नोंदवलं म्हणून ज्यानं मला हाकललं, त्याच माझ्या मतानं मी याला मान देऊ?”

“मावशी, गोऱ्यांतसुद्धा त्याला कोणी विचारत नाही. तो पडणारच आहे.”

“पडायचंय ना? मग माझ्या मताशिवाय पडू दे की मेल्याला!”

या खेपेस बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू पुढे केला. “या. इथं मारून बघा.”

मावशी माझ्यासमोर आल्या. वकीलबाईंच्या नावापुढची फुली त्यांनी झटक्यात मारली. पुढच्या तीन नावांनाही हात अडला नाही. पाचव्या नावापाशी तो थांबला. त्यांचा श्वास माझ्या अंगाला लागत होता.

“देवा,” त्या पुटपुटल्या, “हे त्याच्यासाठी नाही हं. तू बघतोयस.”

आणि त्यांनी फुली मारली. खडूचे दोन तुकडे झाले.

मतमोजणीच्या दुपारी पाद्रीबाबा जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आले. पाचवी जागा वकीलबाईंची होती. अंतर अगदी थोडे होते; पण आमच्या तीराची क्वचितच एखादी मतपत्रिका बाद झाली होती. स्नीडसाहेब पडले, मात्र जन्मात मिळाली नव्हती इतकी मते त्यांना मिळाली. गिलियडच्या लोकांनी आपली किंमत ओळखली, असे ते न्हाव्याच्या दुकानात सांगत फिरू लागले.

“त्याला म्हणावं, नोकरी परत दे,” मावशी म्हणाल्या, “म्हणजे पुढच्या खेपेलाही असंच पाडते.”

वकीलबाई नगरपरिषदेत गेल्या. आमच्या तीराला नळ आले, रस्त्यावर दिवे आले. तो नियम रद्द करावा असा ठराव त्या दरवर्षी मांडीत, आणि चार हात विरोधात वर होत. अखेर वरिष्ठ न्यायालयाने नियम रद्द ठरवला. त्यानंतरच्या निवडणुकीत झिल्फामावशींची दृष्टी मंदावली होती. त्या मत देऊन काठी टेकीत थेट तळघरात आल्या.

“किती मारल्या, मावशी?”

“एक,” त्या म्हणाल्या. “आता मला शिकवायला कुणी यायचं नाही.”

मित्रांनो, त्या दोघीही आता नाहीत. नवे सभागृह झाले तेव्हापासून मी तळघरात, इमारत तापवणाऱ्या भट्टीमागे, भिंतीकडे तोंड करून, कित्येक वर्षे उभा होतो. अलीकडे मला शोधून काढले, गौरविले, पितळी पट्टी लावून दर्शनी भिंतीवर टांगले. भक्तिभावाने कुणी मला जवसाचे तेलही चोळले. मी आरशासारखा चकाकतो. परवा रविवारच्या वर्गातील एका चिमुरडीने पाहुण्यांची नजर चुकवून माझ्यावर आपले नाव लिहू पाहिले. खडू घसरला, अक्षर उमटले नाही.

माझी एवढीच विनंती आहे. ते तेल साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने उतरवा, मला सुकू द्या, आणि त्या मुलीच्या हाती पुन्हा खडू द्या. तिने दाबून लिहिले तरी चालेल.