चाळीस शिक्के

वाशीच्या एका कॉलेजाने ऑस्ट्रेलियाशी करार केला, तशी १९९७ साली महाप्याच्या या इंजिनिअरिंग कॉलेजलाही आंतरराष्ट्रीय व्हायची घाई झाली. नळाला पाणी दिवसाआड, पण करार मात्र थेट इंग्लंडच्या विद्यापीठाशी हवा! तो झाला तर ग्रंथपाल अरुणाबाईंना तीन महिने तिकडे ट्रेनिंग मिळणार होतं. बाई जन्मात पुण्यापलीकडे गेल्या नव्हत्या. नणंदेचा कोटसुद्धा मागून ठेवला होता.

अडचण एकच होती. तिकडून पाहणीला येणाऱ्या डॉ. व्हिटबींचा स्वतःचा जाडजूड ग्रंथ लायब्ररीत होता, आणि सहा वर्षांत तो कोणी नेला नव्हता. नेणार कसा? चांगली पुस्तकं खराब होतात म्हणून बाईच कपाटाला कुलूप घालत. घरच्या चांगल्या कपबशांना जो न्याय, तोच इथेही.

"बाई, टेन्शन नका घेऊ," प्राचार्य नंदकुमार म्हणाले. "पुस्तक नेल्याच्या तारखांचा शिक्का तुमच्याच हातात आहे ना? मारा की!"

बाईंनी दुपारभर बसून ग्रंथाच्या मागच्या पानावर चाळीस तारखा उठवल्या. काम चोख! कुठे शाई फिकी, कुठे शिक्का तिरका, परीक्षेच्या महिन्यात गर्दी.

दुसऱ्या दिवशी त्या तारखा पाहून व्हिटबींनी चष्मा काढून डोळेच पुसले. "माझ्या घरीसुद्धा हे कोणी वाचत नाही! मुलांना कुठलं प्रकरण आवडतं?"

"सातवं," बाईंनी ठोकून दिलं.

व्हिटबी सातवं उघडायला गेले. उघडेना. दमट हवेने पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, हे शिक्के मी काल मारलेत," त्या म्हणाल्या. "पुस्तकाला कोणी हात लावलेला नाही."

झालं! कोट परत द्यायचा, असं त्यांनी मनाशी धरलंसुद्धा.

व्हिटबी पुन्हा त्या तारखा निरखत होते. "रविवारही टाळलेत तुम्ही?"

"आणि गणपतीची सुट्टी," बाई पुटपुटल्या.

व्हिटबींनी लगेच करारावर सही केली.

तीन महिन्यांनी अरुणाबाई नणंदेच्या कोटात कुडकुडत तिकडच्या लायब्ररीत हजर झाल्या. दारात खुद्द व्हिटबी उभे.

"सोमवारी आमच्याकडेही पाहणीला कमिटी येतेय," हळूच म्हणत त्यांनी दोनशे कोरी करकरीत पुस्तकं आणि एक शिक्का बाईंपुढे ठेवला.

बाईंनी बाह्या सरसावल्या. "आधी सांगा," त्या म्हणाल्या, "इकडे सुट्ट्या कधी असतात?"