सात नंबरची ज्वारी

"सात नंबरच्या कुंडीत पाणी कुणी घातलं?"

संघमित्रा मॅडमनं विचारलं, तसा जाईबाईच्या हातातला पोछा थांबला.

तुर्भ्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीच्या गच्चीवर काचेचं घर होतं. आत चाळीस कुंड्यांत ज्वारी. जाईबाई रोज दिघ्याहून यायची, फरशी पुसून जायची. अठरा दिवस झाले, ज्वारीला कुणी पाणी देईना. पानांच्या सुरळ्या झाल्या, बुडखे पिवळे पडले. जालन्याकडं निम्मा जन्म रानात गेलेली बाई, तिला बघवंना.

"म्या घातलं," ती म्हणाली. "तांब्याभर. दाराशी तीच व्हती."

संघमित्रानं हातातल्या वहीत सात नंबरवर काट मारली.

"मावशी, मुद्दाम तहानेलं ठेवलं होतं हो. पाणी तुटलं की ज्वारी अंगातच एक प्रथिन तयार करते. ते तिला आतून धरून ठेवतं, करपू देत नाही. कुठल्या वाणात ते जास्त, ते शोधत होतो आम्ही. सातचं एकच रोप उगवलं होतं, आणि तेच दमदार निघत होतं. आता परत बी धरायचं, परत पेरायचं. वर्ष गेलं."

जाईबाई खाली बसली.

"आमच्या ह्यांचं पोटाचं आपरेशन झालं व्हतं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले, थेंबबी द्यायचा न्हाई. दोन दिस माझा पदर धरून म्हनत व्हते, जाई, घोटभर दे. म्या न्हाई दिलं. शिकल्याली मानसं सांगत्यात म्हनलं, त्यांचं बरुबर आसंल. तिसऱ्या दिशी गेले." तिनं पोछा पिळला. "मानसाच्या अंगात तयार हुतं का वो ते, बाई?"

साहेबांना संघमित्रानं सांगितलं, पाणी घालू नका अशी पाटी लावायची मीच विसरले.

एकविसाव्या दिवशी तिनं जाईबाईला बोलावलं. "आज पाणी द्यायचंय, कुठली सावरतात ते बघायला. तुम्हीच द्या."

जाईबाईनं झारीनं सगळ्या कुंड्या भिजवल्या. दुसऱ्या दिवशी कितीतरी पानं उलगडली, ताठ झाली. अकरा कुंड्या तशाच राहिल्या. तिसऱ्या दिवशीही जाईबाई झारी घेऊन त्यांच्यापाशीच उभी.

"मावशी, त्या गेल्या. आता नाही उठायच्या."

"ठाव हाय," जाईबाई म्हणाली, आणि वाकून एकेकीला पाणी घालत राहिली, माती पुरती भिजेस्तोवर.