घंटी नसलेली तीन चित्रं

नातीने चित्राच्या कोपऱ्यात एक म्हातारी काढली होती. तोंड उघडं, हातात कुंचला, ढाराढूर झोपलेली.

"ही कोण?" मी विचारलं.

"झोपाळू. तुला नाही कळायचं, आजी."

मला न कळायला काय झालं? शेळीची ती कार्टून फिल्म बनली तेव्हा मी तिथे रंगखोलीत होते. पारदर्शक कागदावर पुढून दुसऱ्याची रेघ, मागून माझा रंग. आता दोनशे अनोळखी माणसांनी तीच फिल्म दृश्यादृश्याने वाटून घेतली आहे. प्रत्येकाने आपलं दृश्य संगणकावर नव्याने काढायचं, मग सगळी जोडून इंटरनेटवर लावायची. नातीने भांडून शेळीची कुंपणावरची उडी मिळवली, कारण तिथे तीन चित्रांत शेळीच्या गळ्यातली घंटी गायब आहे. पाव सेकंदाचा मामला, पण हौशी लोकांनी त्या चुकीला डोक्यावर घेतलंय. रंगवणारी बाई झोपली होती, असं फिल्म बनवणाऱ्या आमच्या मास्तरांनी म्हातारपणी कुठेसं सांगितलं. तेव्हापासून ती झोपाळू.

"पूस तिला," मी म्हटलं.

"का म्हणून? सगळे फिदा आहेत तिच्यावर. सहाला द्यायचंय, मुकादमाने होसुद्धा म्हटलंय."

मुकादम म्हणजे त्या दोनशे जणांवर हुकूम सोडणारा. नाव मीच ठेवलेलं.

"पूस म्हणते ना."

"आजी, हे माझं काम आहे. तू तुझं वर्तमानपत्र वाच."

"ती झोपाळू मी आहे."

मी रंगकाम करत होते, एवढंच घरात माहीत होतं. लग्न ठरलं म्हणून सोडलं, असं मीच सांगत आले होते.

"म्हणजे तू खरंच झोपलीस?"

मास्तरांनी विचारलं होतं त्याच सुरात. पहिल्या खेळानंतर, सगळ्यांसमोर: झोपा काढायला येता का इथे? आणि दाराकडे बोट.

"ती शेळी मूळची माझी," मी म्हटलं. "कान, खूर, उडी, सगळं मी काढलेलं. मास्तरांनी नाव लावलं आपल्या मेव्हण्याचं. मला म्हणाले, बाईने रंग भरावा, रेघेच्या वाटेला जाऊ नये. मग मी तीन चित्रांत घंटी रंगवलीच नाही. ठरवून."

"झोप लागलेला कुणीही असंच म्हणेल."

पोरगी माझ्यावरच गेली आहे, जीभ धारदार. मी खुर्ची ओढली.

"त्या तीन चित्रांतले डोळे बघ. घंटी सोड. बुबुळाचा ठिपका रंगवणारीच द्यायची."

तिने फिल्म लावली, एकेक चित्र पुढे सरकवलं. शेळी कुंपणाकडे बघतेय, कुंपणाकडे, कुंपणाकडे. मग घंटी गेली आणि शेळी सरळ आमच्याकडे बघू लागली. तीन चित्रं. मग पुन्हा कुंपण.

"मास्तर पहिल्या रांगेत मधोमध बसायचे," मी म्हटलं. "त्यांच्याकडे बघायला लावलं होतं तिला. पण तेही घंटीच शोधत बसले."

नातीने माफीबिफी मागितली नाही. तिने म्हातारी पुसली आणि तसं मुकादमाला कळवलं. लगेच उत्तर आलं: म्हातारी परत हवी, नाहीतर दृश्य दुसऱ्याला देतो.

"देऊ दे," मी म्हटलं.

"गप्प बस. माझं दृश्य आहे." तिने पेन माझ्यापुढे आपटलं. "बुबुळं तू काढ."

पाटीसारख्या त्या यंत्रावर पेन निसटत होतं. तीन चित्रं, सहा ठिपके, आणि त्याला अर्धा तास. या वेळी मी मास्तरांना मनात आणलं नाही. मुकादमाला आणलं.

सहाला पाच मिनिटं असताना तिने दृश्य पाठवलं. उत्तर आलं: म्हातारी कुठाय? आणि ही शेळी अशी काय बघते?

तिने लिहिलं: मूळ फिल्म चित्र-चित्र थांबवून बघ. डोळे झोपाळूनेच काढलेत, तेव्हाही आणि आताही. जागी आहे ती.

उत्तराची वाट न बघता नात पडद्यावर नाक टेकवून शेळी बघत होती.

"शेवटचं बुबुळ वाकडं आलंय," ती म्हणाली.

"असू दे. शेळी म्हातारी झाली."