गंजलेल्या रिव्हॉल्व्हरांचं खोकं

थर्मन क्रेसनं खोकं काउंटरवर ठेवलं तेव्हा आत लोखंडावर लोखंड आपटलं. रोवेनाचे वडील एलिस असते तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे झापलं असतं. हत्यार कसलंही असो, ते झोपलेल्या बाळासारखं खाली ठेवायचं, हा एलिसच्या जुन्या हत्यारांच्या दुकानातला पहिला नियम. पण एलिसला जाऊन दोन महिने झाले होते, आणि रोवेनानं खोकं नुसतं आपल्याकडे ओढलं.

आत रिव्हॉल्व्हरं होती. सगळी एकाच बनावटीची, अडतीस कॅलिबरची, लाकडी मुठींची. खाणीवरच्या पहारेकऱ्यांच्या कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा थर्मन आणि एलिस दोघांनी मिळून ती लिलावात घेतली होती. एलिसनं आपल्या वाटणीची केव्हाच विकून टाकली. थर्मननं जपली. दर रविवारी चर्चमधून आल्यावर तो पडवीत जुनं पोतं पसरून ती पुसत बसायचा, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. आता त्यांच्यावर नळीपासून चापापर्यंत केशरी गंज चढला होता. नुकतीच चामडी म्यानांतून उपसून काढलेली दिसत होती. काहींच्या मुठींना म्यानातली पांढरी बुरशी अजून चिकटलेली होती.

शेगडीपाशी हास्केल बसला होता. हास्केल हे गिऱ्हाईक नव्हतं, सामान होतं. रोज सकाळी यायचं, फुकटची कॉफी प्यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उणीदुणी काढायची. त्यानं मान लांब करून खोक्यात पाहिलं.

"काय रे थर्मन, नदीत जाळं टाकून काढलीस का ही?"

"तुझ्या कॉफीत बुडवून ठेवली होती."

"मग विरघळून गेली असती. एलिसची कॉफी वाईट होती, पण हिची म्हणजे औषधच. कॉलेजात शिकवायला जातात, चूल पेटवायला कुणी शिकवत नाही."

"हास्केलकाका, कप धुवून ठेवा जाताना," रोवेना म्हणाली.

"जातोय कोण?"

थर्मन हसला नाही. तो काउंटरला पोट टेकवून उभा होता, टोपी डोक्यावरच. "सगळी एकदम घ्यायची," तो म्हणाला. "एकही मागं ठेवायचं नाही. भाव तू म्हणशील तो."

"घाई कसली आहे, काका?"

"ओमा बहिणीकडं आहे. म्हणते, घरात एक जरी राहिलं तरी उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही."

ओमा त्याची बायको. ऑक्टोबरात त्यांचा मुलगा लाइल मागच्या खोलीत गेला. खोऱ्यात कुणी याहून जास्त बोलत नसे. लाइल गेला, एवढंच. चौकशी संपली तेव्हा पोलिसांनी त्याच्या हातात सापडलेलं रिव्हॉल्व्हर एका कागदी पिशवीत घालून बापाच्या हातात परत दिलं, जसं सगळ्यांनाच देतात. वस्तू ज्याची त्याला. ओमा त्याच दिवशी बहिणीकडे गेली.

रोवेनानं वडिलांचा एप्रन बांधला. दुकानाच्या मांडण्या रिकाम्या होत चालल्या होत्या. उन्हाळ्यापर्यंत दुकान ओढायचं की आताच कुलूप लावून लेक्सिंग्टनला कॉलेजात शिकवायला परतायचं, हा प्रश्न ती रोज सकाळी उद्यावर ढकलत होती. ही रिव्हॉल्व्हरं साफ झाली तर एक मांडणी तरी भरली असती. ती पहिलं उचलणार एवढ्यात थर्मन म्हणाला, "आधी विचार."

"काय विचारू?"

"एलिस विचारायचा ते."

ती थांबली. दुकान हातात आल्यापासून तिनं तो प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. एलिस मात्र भावाची गोष्ट काढण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, मग समोर पाद्री असो की पोरसवदा जावई. आणि खोऱ्यातला माणूस इतर सगळीकडे खोटं बोलला तरी त्या प्रश्नाला खोटं बोलत नसे.

"यातल्या कुणी," रोवेना म्हणाली, "घरचं माणूस खाल्लंय का?"

"हो," थर्मन म्हणाला. "एकानं. कुठल्या, ते मला माहीत नाही."

शेगडीपाशी हास्केल उठला. कप नळाखाली धरला, धुतला, उपडा ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला.

थर्मन बोलत राहिला, सरपणाचा हिशेब सांगावा तसा. पिशवीतून ते रिव्हॉल्व्हर काढलं तेव्हा त्यानं तिकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून म्यानात घातलं. मग उरलेली सगळी म्यानांत घातली आणि झऱ्यावरच्या दगडी खोलीत, जिथे त्याची आजी दुधाच्या किटल्या गार ठेवायची, तिथे जमिनीवर ओतली. पायानं ढवळली. पोलिसांनी नंबर लिहून दिलेला कागद चुलीत घातला. हिवाळाभर तिकडे फिरकला नाही. "ओल्या चामड्यात लोखंड कसं होतं ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तसं व्हावं म्हणूनच ठेवली. आता सगळी सारखी झालीत. बापालाही ओळखू यायची नाहीत."

"बाबा अशी घेत नसत, काका."

"माहितेय ना. तसलं एक नाही घ्यायचा तो. पण कुठलं एक, ते कळलं तर नाही म्हणशील." त्यानं खोकं बोटभर पुढे सरकवलं. "म्हणून म्हणतोय, सगळी."

वडिलांचा हा नियम रोवेनाला त्यांच्या सगळ्या नियमांत मोठा वाटायचा. चर्चमध्ये, शवपेटीशेजारी उभं राहून, तिनं हेच सांगितलं होतं: माझ्या बापानं माणूस खाल्लेल्या हत्याराचा पैसा कधी घरात आणला नाही. बायका रडल्या होत्या. पुढच्या बाकावर थर्मन होता. तो खाली पाहत होता.

"गंज किती खोल गेलाय ते बघते," ती म्हणाली.

तिनं तेलाची बाटली आणि तारेची घासणी घेतली. पहिल्या रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढलं, रिकामं असल्याची खात्री केली, तेल सोडलं आणि नळीवर हलक्या हातानं घासणी फिरवली. केशरी चिखल चिंधीवर आला. खालून जुना निळसर मुलामा दिसू लागला, जवळजवळ शाबूत. दुसरं तसंच. तिसरंही. वरवरचा गंज, चार दिवसांच्या कामात नव्यासारखी झाली असती. थर्मन तिच्या हातांकडे नव्हे, तोंडाकडे पाहत होता.

पुढच्या एकावर घासणी अडखळली.

तिनं हात थांबू दिला नाही. पाण्याचा गंज वर बसतो, रक्ताचा आत उतरतो, हे ती बाराव्या वर्षी शिकली होती. कुणीतरी हरणाच्या रक्तानं माखलेली रायफल न पुसता रात्रभर गाडीत ठेवली होती आणि एलिसनं तिचं बोट धरून त्या नळीवरून फिरवलं होतं. देवीच्या वणांसारखे बारीक काळे खड्डे. रक्तात मीठ असतं, एलिस म्हणाला होता, ते लोखंड खातं आणि खाऊन झाल्यावरही सोडत नाही. इथेही तसेच खड्डे होते. चक्राच्या कडेला, नळीच्या एका अंगाला आणि मुठीच्या वरच्या पट्टीवर. हिवाळाभराच्या गंजानं ते झाकले होते, पण घासणीला ते लपले नाहीत.

तिनं ते इतरांइतकाच वेळ हातात ठेवलं आणि इतरांच्या रांगेत ठेवलं. मग उरलेली पुसली. तिला दिसत होतं ते एवढंच: नियमानं वागलं तर बाकीची घ्यायची आणि हे परत द्यायचं. मग हे एकटं गाडीच्या शेजारच्या सीटवर बसून घरी जाणार. त्या घरात आता थर्मनखेरीज कुणी नव्हतं.

"एखादं परत दिलं तर?" तिनं विचारलं. तिला काय ऐकायचं होतं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

थर्मननं टोपी काढून आत पाहिलं, जणू उत्तर तिथे ठेवलं होतं. "बर्ल नो म्हणून होता, त्याला त्याचं हत्यार दिलं होतं एलिसनं परत. त्याची मुलगी गेली तेव्हा. मी इथंच उभा होतो. बर्ल म्हणाला, घे रे बाबा, फुकट घे. एलिस म्हणाला, अशाचा पैसा मला नको. बर्ल म्हणाला, पैसा कोण मागतंय? एलिसनं नाही म्हणून मान हलवली, फडक्यात गुंडाळून दिलं." त्यानं टोपी पुन्हा घातली. "पुढच्या आठवड्यात बर्लला आम्ही दोघांनीच खांदा दिला."

रोवेनाला बर्ल नो आठवत होता. त्याचं हृदय बंद पडलं, असं तिला लहानपणी सांगितलं होतं. वडिलांनीच.

"बाबा नंतर काही म्हणाले?"

"एलिस? तो काय म्हणणार. तो प्रश्न तेवढा विचारत राहिला."

बाहेर रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. रोवेनाला वाटलं, आता बाबांचा राग यावा. राग आला नाही. त्यांना ज्या दिवशी पुरलं त्या दिवसापेक्षा ते आता जास्त दूर गेले, एवढंच झालं. शवपेटीशेजारी म्हटलेलं वाक्य परत घ्यायला कुणाकडे जायचं?

"घेते," ती म्हणाली. "सगळी घेते. पण एकही विकायच्या लायकीचं राहिलं नाही, काका. गंज सगळ्यांत खोल गेलाय. कापून टाकावी लागतील."

थर्मननं रांगेतलं सगळ्यात जवळचं रिव्हॉल्व्हर उचललं. ते तिनं पहिल्यांदा पुसलेलं. त्यानं अंगठा नळीवरून ओढला आणि अंगठ्यामागे निळा मुलामा चकाकला. हे लोखंड त्यानं वर्षानुवर्षं रविवारी पुसलं होतं. त्यात काय बिघडलंय आणि काय नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

"खोल गेलाय खरा," तो म्हणाला आणि ते जागेवर ठेवलं. अगदी अलगद.

रीतसर नोंदी झाल्या. दिलेले पैसे त्यानं न पाहता खिशात कोंबले. तो जाईल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "थांबतो."

"बघायची गरज नाही, काका. थंडी आहे बाहेर."

"ओमाला सांगायला पाहिजे ना, डोळ्यानं बघितलं म्हणून." मग थोड्या वेळानं: "तशी ती यायची नाही. आधी म्हणाली खोलीला रंग दे. दिला. मग म्हणाली, ही विकून ये. आता म्हणेल, ती खोलीच पाड. पाडीन. मग काय मागावं, ते तिलाही सुचायचं नाही."

रोवेनानं रांगेतली रिव्हॉल्व्हरं एकेक करून खोक्यात ठेवली. तिनं खोकं उचललं.

दुकानामागच्या छपरात एलिसचा गॅस कटर होता. मार्चचा चिखल गोठून टणक झाला होता. तिनं थर्मनला काळा चष्मा दिला, स्वतः लावला, मुठींची लाकडं सोडवून बाजूला टाकली आणि पहिलं रिव्हॉल्व्हर चिमट्यात धरलं. शिखा निळी झाली. लोखंड आधी लाल, मग पांढरं झालं, आणि तुकडे वाळूच्या बादलीत पडले.

थर्मन जवळ आला होता. शिखेच्या आवाजातून तिला त्याचं बोलणं ऐकू आलं. "हे असेल," तो म्हणाला.

तिनं चिमटा झटकला. दुसरं घेतलं. तो त्याच जागी, तसाच वाकून पाहत होता. "नाहीतर हे."

तेव्हा तिला आपण काय केलं ते कळलं. तिनं कुठलं ते सांगितलं असतं तर त्याला एकाकडेच पाहायचं होतं, किंवा एकाकडेच पाठ फिरवायची होती. आता त्याला प्रत्येकात मुलाला नव्यानं गमवावं लागत होतं. सांगण्याची वेळ मात्र निघून गेली होती. आता सांगितलं असतं तर बर्लसारखं फडक्यात गुंडाळून परत दिल्यासारखंच झालं असतं. ती कापत राहिली. तिनं खड्डेवालं मधेच कधीतरी, हात न अडखळू देता, इतरांसारखंच चिमट्यात धरलं. त्या वेळी थर्मन बाजूला वळून नाक शिंकरत होता. वळला तोवर तुकडे बादलीत होते.

शेवटचं उरलं. ते अगदी चांगलं होतं. त्या रिव्हॉल्व्हरनं आयुष्यात रिकाम्या डब्यांखेरीज कशाचा वेध घेतला नसावा. थर्मननं चष्मा वर सरकवला आणि तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब जरा," तो म्हणाला. "हेच ते. मला कळतंय, हेच."

त्याचा चेहरा ऑक्टोबरपासून धरून ठेवलेला होता, तो सुटला. तो गोठलेल्या चिखलात गुडघ्यावर बसला आणि त्या निरपराध लोखंडाकडे पाहून रडू लागला, आवाज न करता, मोठ्या माणसाला रडायची सवय नसते तसा. त्याच्या तोंडून लाइलचं नाव आलं. दोनदा आलं.

रोवेनानं शिखा बारीक केली आणि चिमटा हातात धरून थांबून राहिली.