सुकली की सांगते

शेवंतीच्या अगदी बाहेरच्या पाकळीला तपकिरी कडा आली होती — दोन मिलिमीटर, फार तर अडीच, आणि तीही एकाच बाजूला. तिने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, मग खाली ओढून पाहिलं. कडा तेवढीच राहिली. बाकीची शेवंती उंच मोजपात्रात ताठ उभी होती, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी… आता याला सुकणं म्हणायचं का? माणसाचं एक नख काळं पडलं म्हणून त्याला कोणी खांद्यावर घेत नाही. अर्ध्याहून अधिक पाकळ्या, असं धरावं. हो, अर्ध्याहून अधिक हे वाजवी आहे. व्याख्या पक्की झाल्याचं समाधान वाटून तिने कात्री घेतली, देठ पाण्याखाली धरून तिरका छाटला, पाण्यात चिमूटभर साखर टाकली, व्हिनेगरचे थेंब टाकले आणि ज्या द्रावणाने साऱ्या गावाचं पाणी निर्धोक व्हायचं त्याचाही अगदी नावापुरता अंश सोडला. शेवंतीने निमूटपणे पाणी ओढायला घेतलं.

प्रयोगशाळेची खिडकी नदीवर होती. खाली पंप घरघरत होता, त्याने टेबलावरच्या बाटल्या एकमेकींना हलकेच लागून किणकिणत. रोज सकाळी नदीतून, टाकीतून आणि गल्लीबोळांतल्या नळांतून नमुने यायचे, ती ते तपासायची आणि जेवायला जाण्याआधी खाली सही करायची — पिण्यास योग्य. गाव तिच्या सहीवर पाणी पीत होतं आणि त्या सहीला तिचा हात कधी अडखळला नव्हता. कॉलेजात सर म्हणायचे, हिच्याकडून शिका, शेवटचा थेंब कसा सोडावा ते. द्रावण लालचं निळं होतं त्या एका थेंबाआधी बाकीच्या मुली घाई करायच्या. ती थांबायची, चंचुपात्र हलवायची, पुन्हा थांबायची… घाई न करणं हा गुण आहे, असं तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. आता एका माणसाला एक शब्द सांगायचा, तर तोच गुण आडवा येत होता.

एक शब्द. आणि तोही त्याने मागितला तेव्हा तिच्या तोंडात कापूस होता.

दाताचे डॉक्टर पलीकडच्या काठावर बसत, पूल संपतो तिथे, पहिल्या मजल्यावर. त्या दिवशी त्यांनी इंजेक्शन दिलं होतं, तिचा डावा गाल हळूहळू दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता, आणि ते पाठमोरे उभे राहून हत्यारं लावत असताना समोरच्या ट्रेशीच बोलावं तसं म्हणाले, "मी काय म्हणतो… बायको जाऊन मला बरीच वर्षं झाली. तुम्हीही एकट्याच आहात. म्हणजे भावाकडे आहात, पण तरी. आपण लग्न करावं असं मला वाटतं." मग वळले, तिचे डोळे पाहिले आणि घाबरलेच. "आत्ता बोलू नका! गाल चावला जाईल. बधिरपणा उतरू दे."

इतकी समंजस सूचना तिला आयुष्यात कोणी दिली नव्हती. बधिरपणा संध्याकाळीच उतरला. सूचना ती अजून पाळत होती.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी फुलं पाठवली. गावात फुलांचं दुकान एकच, पुलाच्या तोंडाशी, आणि फुलं पोचवायचं काम फुलवाली स्वतः सायकलवरून करायची. चिठ्ठी बांधली तर नदीच्या दमट हवेने शाई पसरते म्हणून निरोप तोंडीच न्यायची, तोंडीच आणायची. त्यामुळे अर्थातच कुणी कुणाला काय कळवलं ते सगळ्या गावाला कळायचं. तर त्या शनिवारी फुलवालीने विचारलं, "काय सांगू डॉक्टरांना?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सांगा, ही सुकली की सांगते."

चार-सहा दिवसांचा प्रश्न होता. पण फुलं टेबलावर आली, आणि समोर पाण्यात उभी असलेली गोष्ट नीट न ठेवणं तिला जमलंच नाही — पाणी बदललं, देठ छाटले, ऊन येत नाही अशा कोपऱ्यात सरकवली. ती सुकतील तोवर दुसरा शनिवार उजाडला, आणि डॉक्टर इतके सभ्य, की उत्तर आलं नाही म्हणून फुलं थांबवणं त्यांना बरं दिसेना. दुसरी फुलं आली. मग तिसरी. ही म्हणजे कुठली? ज्यांच्याबद्दल ती बोलली होती ती की नंतरची? प्रश्न तांत्रिक होता आणि तांत्रिक प्रश्नांवर विचार करायला तिला आवडायचं.

आवडायचं, हेच खरं. शनिवारी सकाळी फुलवालीच्या सायकलच्या घंटेकडे कान लागलेले असायचे. आपल्याला फुलं आवडतात की घंटा, हे तिने कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं.

घंटा वाजली. फुलवाली आत आली, पण हातात नेहमीचा गुच्छ नव्हता. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एकच फूल तिने टेबलावर ठेवलं, ठेवताना तोंड असं केलं जणू सराफाच्या पेढीवर कुणी दगड आणून ठेवावा.

"जास्वंद?" ती म्हणाली.

"जास्वंद," फुलवाली म्हणाली. "माझ्या दुकानातली नाही हां, मॅडम. माझ्या दुकानात जास्वंद मिळत नाही. ही त्यांच्याच जिन्यातल्या कुंडीतली. परवा आले, म्हणाले, सगळ्यात लवकर सुकणारं काय आहे? मी म्हटलं, डॉक्टर, मी तुमच्याकडे येऊन विचारते का, सगळ्यात लवकर किडणारा दात बसवून द्या म्हणून? इतकी वर्षं धंदा करतेय, सुकणारी फुलं मागणारा पहिला माणूस!"

"मग?"

"मग काय, हसले. आज सकाळी ही घेऊन आले, म्हणाले, पोचवण्याचे तेवढे घ्या. आणि निरोप आहे, की संध्याकाळपर्यंत दवाखाना उघडा आहे." फुलवाली दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "मला विचाराल तर सावकाश ठरवा. तुमचं जमलं की माझं एक कायमचं गिऱ्हाईक गेलं. लग्नानंतर कोण फुलं पाठवतंय?"

फुलवाली गेल्यावर शेवंतीकडे पाहायची तिला लाज वाटली.

जास्वंद लालभडक होती, पाची पाकळ्या पूर्ण उघडलेल्या, कसलीही भीडभाड नसलेली. साखर नको, व्हिनेगर नको, देठ कसाही छाटा. हिला पाण्यात ठेवली काय आणि कोरडी ठेवली काय, संध्याकाळी ती मिटणार. उमललेलं फूल एक वायू सोडतं, त्या वायूने ते कोमेजायला लागतं, आणि कोमेजताना तोच वायू आणखी सोडतं. एकदा सुरू झालं की मग आपलं आपणच पुढे ढकललं जातं. हे ती कुठेतरी शिकली होती, परीक्षेत तिने लिहिलंही होतं. डॉक्टरांनी ते कुणाला विचारलं असेल? की नुसतं रोज जिना चढता-उतरता पाहिलं असेल?

…थंडीत मात्र ही क्रिया मंदावते.

फ्रिज तिच्या पाठीमागेच होता. नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी, वरच्या जाळीवर, एका फुलाची जागा होती. ती उठली, फूल आत ठेवलं, दार लावलं, आणि चोरी करून आल्यासारखी टेबलाशी बसून दिवसाच्या नमुन्यांवर सह्या करत सुटली. योग्य. योग्य. योग्य.

दुपारी ती घरी जेवायला गेली. वहिनी ताट वाढूनच बसली होती. दादा जेवून आत आडवा झाला होता, त्याचं घोरणं भिंतीपलीकडून दुसऱ्या पंपासारखं येत होतं.

"एकच आलं म्हणे आज," वहिनी म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"नळाला पाणी आलं, त्यातून कळलं." वहिनीने भाजी वाढली. "वन्सं, एक विचारू? सुकली की सांगते म्हणालात, आणि फुलांना सलाईन लावून बसलात. बिचाऱ्यांना सुखाने मरूसुद्धा देत नाही."

"तसं नाही गं. उगीच टाकून द्यायची का?"

"टाकू नका, पण माणसालाही व्हिनेगरमध्ये घालू नका."

ती जेवत राहिली. वर तिची खोली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर उघडी पुस्तकं, टोक केलेल्या पेन्सिली, अर्धवट सोडलेलं कोडं, घाटावरून आणलेले गोटे रंगाप्रमाणे लावलेले. त्या टेबलाला कुणी हात लावत नसे. इतक्या वर्षांत वहिनीनेही कधी नाही. तो सगळा पसारा तिच्या डोक्यासारखाच होता, आणि दुसऱ्या कुणाच्या घरात — कितीही भला माणूस असला तरी — एक दिवस कुणीतरी प्रेमाने तो आवरेल, गोटे एका डब्यात भरेल, वर म्हणेल, बघ, किती छान दिसतंय आता… हे ती कुणाला सांगणार होती? टेबलापायी माणसाला नाही म्हटलं, असं कुणी ऐकलंय का? पण माणसालाही नाही म्हणवत नव्हतं. दाढेत मशीन घालताना ते गुणगुणायचे. एकच ओळ, चुकीच्या सुरात, आणि ती ओळ तिच्या डोक्यात रात्रभर बरोबर सुरात वाजायची.

"तुमची खोली कुठे पळून जात नाही," वहिनी अचानक म्हणाली. ताटाकडेच पाहत होती. "आणि हे मी तुम्ही नको झालात म्हणून बोलत नाहीये, कळलं ना? तुम्ही गेलात तर या घोरणाऱ्या माणसाबरोबर मी एकटी उरेन. माझा काही फायदा नाहीये यात."

मग दोघी हसल्या, आणि हसताना तिला ठसका लागला, आणि वहिनीने पाणी दिलं. पिण्यास योग्य.

प्रयोगशाळेत परत आल्यावर तिने आधी फ्रिज उघडला. जास्वंद सकाळी होती तशीच होती, थंड, टवटवीत, बाटल्यांच्या रांगेत. उद्याही राहील. परवाही कदाचित. पुन्हा शनिवार येईल, मग दुसरी जास्वंद… तिने दाराची मूठ धरून ठेवली. थंडी तिच्या पायांवर उतरत होती, पंप घरघरत होता. तिला एकदम दिसलं की आत ठेवलंय ते फूल नाहीच. आत, नमुन्यांच्या शेजारी, न बिघडता, न वाढता, आपणच बसलोय — पिण्यास योग्य, पण कुणी न प्यायलेल्या.

तिने फूल बाहेर काढलं आणि उन्हाच्या तिरिपेत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मुद्दाम. काही न करता बसणं इतकं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. दोनदा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला, दोनदा तिने तो मागे घेतला. पाकळ्यांच्या कडा आधी मऊ झाल्या. मग आत वळल्या. ऊन नदीवरून सरकून पलीकडच्या काठावर गेलं तेव्हा जास्वंद घट्ट मिटली होती, ओल्या छत्रीसारखी. अर्ध्याहून अधिक पाकळ्या, तिने मनात नोंदलं. सगळ्याच.

पूल ओलांडताना फुलवालीच्या दुकानासमोरून जावं लागलं. फुलवालीने तिच्या हातातलं मिटलेलं फूल पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि गालातल्या गालात मात्र हसली.

दवाखान्यात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ तोंड वासून पहुडले होते, ओठाबाहेर कापूस लोंबत होता. मशीन चालू होतं. डॉक्टर गुणगुणत होते. ती दिसताच गुणगुणणं थांबलं, मग मशीनही.

"सुकलं," ती म्हणाली आणि फूल पुढे धरलं.

"सुकणारच होतं," डॉक्टर म्हणाले. मास्क अडकवलेले त्यांचे कान लाल झाले. "मी… तसंच मागितलं होतं."

"मी फ्रिजमध्ये ठेवलं होतं."

"अच्छा. तेही सुचायला हवं होतं मला."

"मग काढलं."

नळाचा एक थेंब बेसिनमध्ये पडला. डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. तेवढ्यात खुर्चीतल्या गृहस्थांनी हात वर केला.

"दुखतंय?" डॉक्टर दचकून त्यांच्याकडे वळले.

गृहस्थांनी मान हलवली. वर केलेल्या हाताचं बोट तिच्याकडे वळवलं आणि वासलेल्या तोंडाने, कापसासकट, काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत, पण आता लवकर आटपा, मला घरी जायचंय, असाच तो सूर होता.

तिने तोंड उघडलं. जीभ, ओठ, डावा गाल, सगळं जागच्या जागी होतं. बधिर काहीच नव्हतं. सुरुवात झाली होती आणि आता ती आपली आपणच पुढे जात होती.

"हो," ती म्हणाली. "पण माझं टेबल कुणी आवरायचं नाही."