बिळाच्या तोंडाशी ठेवलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे, पाइनच्या फळ्यांची, उशीएवढी. माझ्या दोन्ही कुशींना पाच-पाच भोकं आहेत आणि वर एक झाकण. मित्रांनो, भोकं श्वासासाठी असतात. माझ्या पोटात बसणाऱ्यांना श्वास लागतो. निदान बहुतेकांना.

विल्फ हार्बॉटलनं मला बनवलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आठवडाभर तो जमिनीखाली कोळसा खणायचा आणि रविवारी मला खांद्याला अडकवून सशांच्या शिकारीला निघायचा. माझ्या पोटात त्याची फेरेट असायची. मुंगसाच्या चणीची, सायीच्या रंगाची, दोरीसारखी लवचिक. जुन्या रेल्वेच्या बांधात सशांची बिळं होती. विल्फ बिळांच्या तोंडांवर जाळी लावायचा, फेरेटला आत सोडायचा आणि जमिनीला कान लावून बसायचा. आत पावलं धडधडायची, ससे उसळून जाळीत यायचे. सगळं गाव म्हणायचं, "विल्फची पेटी कधी रिकामी परतत नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पण कधी कधी फेरेट वर यायचीच नाही. आतच ससा मारायची, पोटभर खायची आणि झोपून जायची. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. पेटी बिळाच्या तोंडाशी ठेवायची, झाकण उघडं. आत तिच्याच अंगाच्या वासाचं गवत. मग माणसानं तिथून निघून जायचं. सकाळी येऊन बघावं तर फेरेट आपल्या पेटीत वेटोळं करून झोपलेली.

तीनदा मात्र सकाळ झाली आणि मी रिकामीच होते. पहिली स्मट, मग पॉली, मग क्वीनी. त्या बांधाखालून खाणीचे जुने बोगदे जातात. एखादं बीळ खोल खोल जाऊन त्यांना मिळत असेल. विल्फनं प्रत्येक वेळी दोन हाका मारल्या, जाळी गुंडाळली आणि तो गेला. त्याची पाळी असायची. खाण कुणासाठी थांबत नसे.

पुढे खाण बंद पडली. विल्फची बायको गेली. बाजारात हलके प्लास्टिकचे पिंजरे आले आणि मी शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली जाऊन पडले. माझ्या सांध्यांत कोळ्यांनी घरं केली. किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही.

मला पुन्हा बाहेर काढलं ते टॅन्सीमुळे. टॅन्सी पाच वर्षांची फेरेट. विल्फची लेक नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि ती घरी आली की टॅन्सी तिच्या स्वेटरच्या बाहीत शिरून झोपायची. एके दिवशी नोरीनच्या बोटांना टॅन्सीच्या मानेखाली वाटाण्याएवढ्या गाठी लागल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कॅन्सर आहे. बरा होईल असं वचन देत नाही, पण औषधानं काही चांगले महिने मिळतील. दर गुरुवारी एक सुई आणि रोज संध्याकाळी सहाला एक गोळी. गोळी एकदम थांबवायची नाही, ती चुकली तर टॅन्सी कोसळेल.

प्लास्टिकच्या पिंजऱ्यात टॅन्सी थरथरायची. म्हणून नोरीननं मला झटकलं, पुसलं, ताजं गवत घातलं. टॅन्सी आत शिरली, एकदा गोल फिरली आणि निजली. इतक्या वर्षांनी माझ्या तळाला ऊब लागली.

पहिल्या गुरुवारी फाटकाशीच शेजारचा मॅटी रेनविक भेटला.

"काय रे विल्फ, सशांची शिकार सोडून आता डॉक्टरांची वाट धरलीस का?"

"मला नको विचारू. हिला विचार," विल्फ म्हणाला.

"फेरेटला कॅन्सरची सुई! उद्या सशांना चष्मे लावाल, नोरीन."

"लावीन की. पण पहिला तुला लावते, मॅटीकाका. काल पुन्हा आमच्या दारात कचरा टाकलास."

सुईनं टॅन्सीच्या मिशा गळाल्या. मला त्या गवतात सापडायच्या, पांढऱ्या, सुईच्या टोकासारख्या. नोरीन निळे हातमोजे घालून माझं गवत बदलायची, कारण औषध टॅन्सीच्या मुतातूनही उतरतं. दर चार तासांनी ती चमच्यानं कोमट मांसाचं पाणी भरवायची. भरवताना गुणगुणायची:

काळोखाच्या वाटंवर
नको बाई रेंगाळू,
ऊब राखली गवतात
ये गं, तुला कुरवाळू.

विल्फ दारातून बघायचा. आत यायचा नाही. त्याच्या तरुणपणी आजारी फेरेटला शेडमागे न्यायचे आणि फावड्याचा एकच घाव घालायचे. त्यालाच दया म्हणत. त्यानं दोनदा फावडं उचललेलं मी पाहिलं, आणि दोनदा ते भिंतीला टेकवून ठेवलेलंही पाहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नोरीन चर्चला गेली होती. विल्फनं टॅन्सीच्या गळ्यात पट्टा बांधला. हल्ली त्या पट्ट्यात एक चिमुकलं यंत्र असतं. फेरेट जमिनीखाली असली तरी वर हातातली डबी टिकटिक करून तिची जागा सांगते. डबी त्यानं घरीच ठेवली. मला खांद्याला लावलं आणि तो बांधाकडे निघाला. समुद्रावरून धुकं चढत होतं.

बिळाच्या तोंडाशी त्यानं टॅन्सीला हातात धरलं. बराच वेळ धरलं. मग तिच्या गळ्यातला पट्टा सोडून खिशात टाकला आणि तिला आत सोडलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडले असते. जाळी नव्हती. बीळ तेच होतं, क्वीनीचं.

दुपारी नोरीन धावत आली. धुक्यात आधी तिच्या हातातल्या डबीचा आवाज आला. टिक. टिक. सावकाश, घड्याळासारखा. बाप कुठं गेला असेल हे तिला माझी रिकामी खुंटी पाहूनच कळलं होतं.

"बाबा! कुठाय ती?"

"आत झोपली असेल. जरा फिरवावं म्हटलं. बिचारी कोंडून गेली होती."

"पट्टा घातलात ना?"

"घरी विसरला. आणि अर्ध्या वाटेवरून खाणवाला मागं फिरत नाही, तुला ठाऊक आहे. अपशकुन असतो."

नोरीननं डबी वर धरली. डबी बोलत होती. नोरीन बांधावर चढली तशी टिकटिक मंदावली. खाली उतरली तशी वाढली. बापाजवळ आली तशी डबी तडतडायला लागली, तव्यावरच्या लाह्यांसारखी. तिनं हात पुढे केला आणि डबी त्याच्या कोटाच्या खिशाला टेकवली.

विल्फनं खिशातून पट्टा काढून तिच्या हातात दिला.

"मला घाव घालवेना गं," विल्फ म्हणाला. "हात उचलेना. म्हटलं, मातीच घेऊन जाईल. मातीला सवय आहे."

"तिला विचारलंत?"

"फेरेटला काय विचारायचं?"

"रोज सकाळी ती माझ्या बोटाला चाटून जेवण मागते, बाबा. मरायला निघालेलं माणूस नाश्ता मागतं का?" तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सहाला गोळी आहे. चार वाजलेत. आता हलायचं नाही इथून. तुम्हीसुद्धा नाही."

"रीत अशी आहे की पेटी ठेवायची आणि निघून..."

"खड्ड्यात गेली रीत."

तिनं माझं झाकण उघडलं, आपला स्वेटर काढून गवतावर पसरला आणि मला बिळाशी ठेवलं. दोघं माझ्या दोन बाजूंना ओल्या मातीत बसली. विल्फनं बिळात हात घातला, खांद्यापर्यंत, आणि तसाच ठेवला.

आता मी जे सांगणार आहे ते त्या दोघांना दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, पण पेटीला तळ असतो, आणि तळाला वजन कळतं.

आधी एक वजन आलं. हलकं, लांबट. एकदा गोल फिरलं आणि निजलं. गवत वाजलं नाही. ऊब नव्हती. मी ते ओळखलं. ती स्मट होती. मग दुसरं आलं, डाव्या पायानं किंचित लंगडणारं, म्हणजे पॉली. विल्फनं बाहेरचा हात माझ्यात घालून चाचपलं. "रिकामीच," तो म्हणाला. त्याची बोटं पॉलीच्या पाठीवरूनच गेली होती. त्यानं हात झटकला. "थंडी किती पडलीय," म्हणाला.

अंधारायला लागलं. नोरीन तेच गाणं म्हणत होती, दात वाजत होते तरी म्हणत होती. आणि मग विल्फ पुटपुटला, "कुणीतरी ढकलतंय."

"काय?"

"आतून. माझ्या हाताकडे कुणीतरी काहीतरी ढकलतंय."

त्याची मूठ बाहेर आली तेव्हा तिच्यात टॅन्सी होती. अंग मातीनं माखलेलं, मान लुळी. नोरीननं तिला स्वेटरमध्ये गुंडाळून माझ्यात ठेवलं. आधी वाटलं, हेही वजन थंडच आहे. मग गवत वाजलं. एकदाच. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात एवढा मोठा आवाज मी ऐकला नाही. टॅन्सीच्या मागोमाग क्वीनीही चढली. तिचा धक्का मला लागला.

घरी पोचलो तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. गोळी विल्फनं दिली. निळे हातमोजे त्याच्या बोटांना आखूड पडत होते. त्या दिवसापासून चमचा त्याच्याकडे आला आणि पहाटेची पाळीही.

गुरुवारी दवाखान्यात हेदर नावाच्या परिचारिकेनं नेहमीप्रमाणे मला टॅन्सीसकट काट्यावर ठेवलं. माझं वजन तिच्या कागदावर लिहिलेलं होतं, ते तिनं वजा केलं.

"अगंबाई! मागच्या आठवड्यात सातशे ग्रॅम होती, आज अकराशे! मस्त भरलीय. आता सुईतलं औषधही त्या मानानं वाढेल."

नोरीन आनंदानं हसली. आणि मी आतल्या आत गार पडले. औषध वजनावर ठरतं. ते चारशे ग्रॅम टॅन्सीचे नव्हते. त्या तिघी रविवारपासून माझ्यातून उतरल्याच नव्हत्या.

"थांब, पोरी," विल्फ म्हणाला. "काटा चुकतोय."

"आजोबा, काटा नवा आहे."

"असेल. हात जुना आहे. चार दिवस मी हिला भरवतोय, हिच्या फासळ्या माझ्या बोटांना लागतात. कुठलं आलंय भरणं? बाहेर काढून तोल."

हेदरनं टॅन्सीला बाहेर काढून तोललं. सातशेच. तिचा चेहरा उतरला. "एवढं औषध गेलं असतं तर..." मग रिकामी मी एकटीच काट्यावर राहिले, आणि काटा माझ्या लिहिलेल्या वजनापेक्षा चारशे जास्तच दाखवत राहिला.

"गवत ओलं असेल," हेदर म्हणाली.

विल्फनं माझ्यात हात घालून चाचपलं; बोटांना बांधावरचाच गारठा लागला. मग वाकला, एका भोकाला ओठ लावले आणि हळूच म्हणाला, "स्मट. पॉली. क्वीनी. उतरा गं बायांनो. तेव्हा थांबायला हवं होतं मी. चुकलो."

आकडा खाली आला. थोड्या वेळानं आणखी. मग आणखी. हेदर दोन पावलं मागं सरकली. दार बंद होतं, तरी दाराशी गारवा हलला.

टॅन्सी सप्टेंबरपर्यंत जगली. तिच्या मिशा परत आल्या. तिनं मॅटीचा एक मोजा पळवला आणि शेवटपर्यंत दिला नाही. एका दुपारी नोरीनच्या बाहीत ती झोपली ती उठली नाही. विल्फचा हात तेव्हा तिच्या पाठीवर होता.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरात कुणी आजारी जीव असेल, मुका असेल तर अधिकच, त्याला पेटीवर, काट्यावर, कागदावर सोपवून मोकळे होऊ नका. रोज हातात घ्या. फासळ्या मोजा. वेळेवर गोळी द्या, आणि तो वर यायला उशीर करत असेल तर निघून जाऊ नका. आणि कधी एखादी रिकामी पेटी उचलताना जड लागली, तर घाबरून टाकू नका. आत जे कुणी असेल, त्याच्यासाठी कुणीतरी थांबायचं राहून गेलेलं असतं. त्याला नावानं हाक मारा. त्याला तेवढंच हवं असतं.